‘प्रो १७ अंडर मारतात, मग कोर्स अवघड कसला?’ : टी, स्लोप आणि ग्रीनचा हिशेब

सातरस्तेकर
मंडळी, सोलापुरातून आम्ही बाराजण डिसेंबरात पुण्याला दोन दिवस गोल्फ खेळायला जाणार आहोत. हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी स्ट्रोकची, म्हणजे फटक्यांची, सूट) ९ पासून २८ पर्यंत. टी (होलचा पहिला फटका मारायची जागा) कुठली घ्यायची यावरून ग्रुपवर जुंपली आहे. एक पार्टी म्हणते, ग्रीन फी पूर्ण भरतोय तर मागच्या, म्हणजे चॅम्पियनशिप टीवरूनच खेळू. दुसरी म्हणते, मधली टी बास. तिसरी पार्टी म्हणते की अवघड कोर्स वगैरे नुसता बाऊ आहे, टीव्हीवर तर सगळे प्रो १५-१७ अंडर, म्हणजे पारपेक्षा (ठरलेल्या फटक्यांपेक्षा) तेवढे कमी, दिसतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रोला जे अवघड जातं तेच आपल्यालाही जातं का? टी कशी ठरवायची? आणि दोघं वेगवेगळ्या टीवरून खेळले तर हिशेब सरळ कसा राहील? आकडे देऊन सांगा, म्हणजे ग्रुपवर चिकटवता येईल.

बोगीबाबा
तिसऱ्या पार्टीपासून सुरू करतो. गुरगावच्या डीएलएफ क्लबचा गॅरी प्लेअर कोर्स घ्या. इंडियन ओपन २०१७ पासून तिथं होते. २०२४ ला केइता नाकाजिमा १७ अंडरने जिंकला, २०२५ ला युजेनियो चकारा ४ अंडरने. कोर्स तोच, पार तेच ७२, आणि जिंकणाऱ्याच्या स्कोअरमध्ये १३ स्ट्रोकचा फरक. म्हणजे जिंकणाऱ्याच्या स्कोअरवरून कोर्सची अवघडी मोजायची नसते. वारा, ग्रीन (होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) किती टणक, पिन (होलातली झेंड्याची काठी) कुठं, त्या आठवड्यात कोण तापलंय, सगळं त्यात मिसळलेलं असतं. शिवाय टीव्हीवर दिसतात ते पहिले दहाजण. शुक्रवारी कट चुकून (निम्म्या वाटेवर बाद होऊन) घरी गेलेले कोण दाखवतंय?

आता मुद्द्याचं. कार्डावर प्रत्येक टीसमोर दोन आकडे असतात, कोर्स रेटिंग आणि स्लोप. रेटिंग म्हणजे स्क्रॅच खेळाडूचा, म्हणजे शून्य हँडिकॅपवाल्याचा, बऱ्या दिवशीचा अपेक्षित स्कोअर. तिसरा आकडा बहुतेक कार्डांवर छापत नाहीत, तो बोगी रेटिंग. साधारण २० हँडिकॅपवाल्याचा बऱ्या दिवशीचा स्कोअर. या दोघांतल्या फरकाला पुरुषांसाठी ५.३८१ ने गुणलं की स्लोप येतो (बायकांसाठी ४.२४). किमान ५५, कमाल १५५, प्रमाण ११३.

रेटिंग करणाऱ्यांचा स्क्रॅच पुरुष ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) २५० यार्ड मारतो आणि ४७० यार्डाचं होल दोनात गाठतो. बोगीवाला (तोच २० हँडिकॅपवाला) २०० मारतो आणि दोनात ३७० पर्यंतच पोचतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. ४२० यार्डाचं पार ४ स्क्रॅचला ड्राइव्ह आणि मिड आयर्न (मधल्या अंतराचा क्लब). बोगीवाल्याला ते तीन फटक्यांचंच होल, वर ग्रीनपुढं बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर चार.

भुईकोट
म्हणजे सरळ आहे की. स्लोप १४२ वाला कोर्स १२४ वाल्यापेक्षा अवघड. उगाच फोड कशाला?

बोगीबाबा
नाही मालक, इथंच बहुतेकजण घसरतात. स्लोप म्हणजे अवघडी नव्हे. स्क्रॅच आणि बोगी यांच्यातली दरी किती वाढते, एवढंच तो सांगतो. हिशेबासाठी दोन काल्पनिक कोर्स घ्या.

पहिला : रेटिंग ७६, स्लोप १२०. बोगी रेटिंग ७६ + (१२० ÷ ५.३८१) = ९८.३.
दुसरा : रेटिंग ७१, स्लोप १४०. बोगी रेटिंग ७१ + (१४० ÷ ५.३८१) = ९७.०.

स्लोप दुसऱ्याचा मोठा, पण पहिला कोर्स दोघांनाही जड. स्क्रॅचला तर पाच स्ट्रोकनी. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. एकटा स्लोप सांगून रुबाब करणाऱ्यांपासून लांब राहा.

भुईकोट
बरं, मान्य. पण माझं म्हणणं एवढंच की सगळा खेळ लांबीचा आहे. पुढून खेळलात की कुठलाही कोर्स सोपा.

कडक_भाकरी
भुईकोट, लांबीचं सूत्रच आहे, त्यावरच तपासू. पुरुषांसाठी स्क्रॅचचं मूळ रेटिंग = लांबी ÷ २२० + ४०.९. बोगीचं = लांबी ÷ १६० + ५०.७. म्हणजे स्क्रॅचला २२० यार्डांमागे एक स्ट्रोक वाढतो, बोगीला १६० यार्डांमागे. इथली लांबी म्हणजे नुसता फितीचा आकडा नव्हे. चढउतार, रोल, वारा, डॉगलेग (मध्येच वळणारं होल) जमेस धरून येते ती.

एक नमुना कार्ड धरा, पार ७२.
मागची टी ७,१०० यार्ड : रेटिंग ७४.५, स्लोप १४२.
मधली टी ६,२०० यार्ड : रेटिंग ६९.८, स्लोप १२४.

बोगी रेटिंग मागून १००.९, मधून ९२.८. म्हणजे मागं सरकल्यावर स्क्रॅचचं नुकसान ४.७ आणि बोगीचं ८.१. यात नुसत्या ९०० यार्डांचा वाटा स्क्रॅचला ४.१, बोगीला ५.६. उरलेलं अडथळ्यांचं. बोगीवाल्याला अडथळेच अडीच स्ट्रोक जास्त खातात, स्क्रॅचला जेमतेम अर्धा. टी मागं नेली की फक्त अंतर वाढत नाही. २०० यार्डाचा ड्राइव्ह जिथं पडतो तिथंच बंकर, नाला, झाडी येऊ लागते. स्क्रॅच त्यावरून उडवून जातो. लांबी मोठी आहेच, पण ‘सगळा खेळ’ नाही.

हिरवी_पट्टी
ग्रीनबद्दल कुणी बोललंच नाही अजून. प्रोसाठी कोर्स अवघड होतो तो मुख्यतः इथं आणि रफमध्ये (फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या मुख्य पट्ट्याच्या, बाजूच्या उंच गवतात). प्रोचा ७ आयर्न १७० यार्डाच्या आसपास जातो आणि सुमारे तीस यार्ड उंचीवरून खाली येतो, भरपूर बॅकस्पिन (उलटी फिरकी) घेऊन. मऊ ग्रीनवर तो जिथं पडला तिथंच थांबतो. मऊ ग्रीन असलेला कोर्स कितीही लांब करा, प्रो पिनवर बाण मारल्यासारखे मारणार. ग्रीन टणक केलं की तोच बॉल आठ-दहा यार्ड पुढं पळतो. मग पिनच्या कुठल्या बाजूला सोडायचा याचा विचार सुरू होतो.

वेग मोजायचं साधन म्हणजे स्टिम्पमीटर. एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ ची अमेरिकेतल्या ओकमाँट कोर्सवरची यूएस ओपन बघून ते बनवलं. ३६ इंची अॅल्युमिनियमची पट्टी, टोकापासून ३० इंचांवर खाच. पद्धत अशी :

ग्रीनवरची शक्य तितकी सपाट जागा शोधायची. बॉल खाचेत ठेवून पट्टीचं दुसरं टोक हळू उचलायचं. साधारण २० अंशाला बॉल आपोआप सुटतो. तीन बॉल एकाच रेषेत सोडायचे. तिघं एकमेकांपासून ८ इंचांच्या आत थांबले पाहिजेत, नाहीतर पुन्हा. मग उलट्या दिशेने तीन. दोन्हींची सरासरी फुटांत, तो वेग.

चूक होते ती इथं. सपाट जागा नाही म्हणून उतारावरच मोजतात आणि सरळ सरासरी काढतात. समजा खाली २६ फूट गेला आणि वर ८.७. सरासरी १७ च्या वर येते आणि क्लबात गाजावाजा होतो. खरं सूत्र : २ × वर × खाली ÷ (वर + खाली). २ × ८.७ × २६ ÷ ३४.७ = १३. एवढाच.

हे आकडे मनाचे नाहीत. ३ टक्के उताराच्या १३ वेगाच्या ग्रीनवर ढोबळ हिशेबाने असंच होतं : सपाटीवर १३ फूट जाणारा बॉल उताराला २६ जातो. ९ च्या ग्रीनवर त्याच उताराला ९ चे १३-१४ होतात. दीडपट आणि दुप्पट, हा फरक. आपल्याकडच्या क्लबात रोज ८ ते १० असतो, यूएस ओपनला १३-१४ च्या पुढं. म्हणून आपल्या ग्रीनवर ज्या उतारावर पिन चालते, ती तिथं चालत नाही.

सातरस्तेकर
मग प्रोसाठी ग्रीन वेगवान करत करत किती न्यायचा? हद्द कुठं?

हिरवी_पट्टी
होलभोवती दोन-तीन फूट जवळपास सपाट हवं आणि ग्रीनच्या कडेपासून निदान चार पावलं आत हवं, हा साधा दंडक. वेग आणि उतार यांचं गणित चुकलं की खेळ संपतो. शिनेकॉक हिल्सला २००४ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी सातव्या होलचं ग्रीन इतकं वाळलं की बॉल थांबेना. शेवटी दोन ग्रुपच्या मध्ये त्यावर पाणी मारावं लागलं. आधीच्यांना वाळलेलं ग्रीन, नंतरच्यांना ओलं. ही अवघडी नव्हे, हा सेटअप फसला. २०१८ ला तिथंच शनिवारी फिल मिकेल्सनने तेराव्या ग्रीनवर पळता बॉल पटरने (ग्रीनवर बॉल लोटायच्या क्लबने) परत मारला. दोन स्ट्रोकचा दंड, होलवर १०.

चार_पुतळा
ओकमाँटवर २०२५ च्या यूएस ओपनला जे. जे. स्पॉन एकटाच पारच्या खाली होता, १ अंडर. ७,३७२ यार्ड, पार ७०, आठवं होल पार ३ असून २८९ यार्ड. शेवटच्या दिवशी पहिल्या सहा होलांत पाच बोगी (पारपेक्षा एक जास्त) आणि तरी जिंकला!

कडक_भाकरी
चार_पुतळा, तिथं रफ ५ इंचांचा होता, खरी मेख ती. रफचं थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रो आणि आपण यांचे मार्ग इथं स्पष्ट वेगळे होतात.

दोन-अडीच इंचांच्या रफमध्ये बॉल अर्धा वर असतो. फेस (क्लबचा मारायचा भाग) आणि बॉल यांच्यात गवत येतं, स्पिन कमी होतो आणि बॉल फ्लायर होऊन अंदाजापेक्षा १०-१५ यार्ड पुढं जातो, पडल्यावर थांबत नाही. प्रोला याचाच त्रास, कारण त्याचा सगळा हिशेब स्पिनवर. ग्रीनच्या मागं गेला की वेगवान ग्रीनवर उताराचा चिप (छोटा उचललेला फटका).

पाच इंचांत बॉल तळाशी बसतो. क्लबची मान गवतात अडकते, फेस बंद होतो, बॉल डावीकडे खाली जातो. प्रोच्या ड्रायव्हरचा वेग सरासरी ताशी ११५ मैल, सर्वसाधारण हौशी पुरुषाचा ९३-९४. एवढ्या ताकदीचे लोक वेज (छोट्या अंतराचा क्लब) घेऊन फेअरवेवर परत येत होते. आपण तिथं हायब्रिड (लांब अंतराचा क्लब) काढतो, हाच घोळ.

रफमध्ये करायचं ते असं. बॉलचा निम्म्याहून कमी भाग दिसत असेल तर ९ आयर्नपेक्षा लांब मारणारा क्लब बंद. बॉल नेहमीपेक्षा एक बॉलभर मागं, फेस किंचित उघडा, डाव्या हाताची शेवटची तीन बोटं घट्ट, उभा चढ आणि उभा उतार. लक्ष्य पिन नाही, फेअरवेचा सर्वांत रुंद भाग. बर्म्युडा गवताची लव आपल्याकडे झुकली असेल तर अजून एक क्लब कमी.

बोगीबाबा
कडक_भाकरींचं रफ मान्य, पण आमच्यासारख्या विशीतल्या हँडिकॅपला (वय नव्हे!) स्कोअर फोडणारी गोष्ट दुसरीच आहे. पाण्यावरून सक्तीचा कॅरी (बॉल हवेतूनच पलीकडे नेणं). रफमध्ये एक स्ट्रोक जातो. पाण्यात गेला की दंड, ड्रॉप (बॉल पुन्हा हाताने खाली सोडणं), आणि पुन्हा तोच फटका. अमेरिकेतल्या सॉग्रासचं सतरावं होल फक्त १३७ यार्ड, चहूकडे पाणी. २००७ ला प्लेअर्स स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी प्रो लोकांचे ५० बॉल तिथं बुडाले, हातात वेज असताना. कारण वारा आणि टणक ग्रीन. हौशी माणूस तिथं ८ आयर्न घेऊन उभा राहतो आणि ग्रीनवर पडला तरी बॉल मागं घरंगळतो.

याच्या उलट स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. फेअरवे रुंद, पाण्यावरून मोठे कॅरी नाहीत, ग्रीनबाहेरूनही पटर घेता येतो. २०२२ ला ब्रिटिश ओपन जिंकताना कॅमेरॉन स्मिथ २० अंडर. वारा नसला तर प्रो त्याला लुटतात, पण २० हँडिकॅपवालाही तिथून बॉल न हरवता परत येऊ शकतो. आणि अमेरिकेतल्या कियावाचा ओशन कोर्स मागच्या टीवरून स्लोप १५५, म्हणजे मोजपट्टीच संपली. दोन्ही चॅम्पियनशिप कोर्सच.

सातरस्तेकर, टीवर उभं राहिल्यावर एकच हिशेब करा. पाण्यापलीकडे पोचायला कॅरी किती लागतो आणि त्या क्लबने दहापैकी सात वेळा तो जातो का. सर्वांत चांगला मारलेला फटका मोजायचा नाही. सात नसतील तर लेअप (मुद्दाम पाण्याच्या अलीकडे थांबणं).

भुईकोट
कार्नुस्टी राहिलं! १९९९ ची ब्रिटिश ओपन, व्हॅन द व्हेल्डे, शेवटच्या होलवर डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) झाली तरी जिंकत होता. केलं ७. बॅरी बर्न ओढ्याच्या पाण्यात बूट काढून उतरला तो. पॉल लॉरी दहा स्ट्रोक मागून येऊन प्लेऑफमध्ये जिंकला. स्कोअर ६ ओव्हर.

कडक_भाकरी
आणि त्या आठवड्यात फेअरवे अरुंद, रफ गुडघ्याला. त्याने १८ ला ड्रायव्हर काढला, मग २ आयर्न. वेज-वेज-वेज खेळला असता तर सहात संपलं असतं, असं म्हणायला सोपं. पण बोगीबाबांचा दहात सातचा नियम तिथंही लागू होता, एवढं खरं.

सातरस्तेकर
आता टी आणि हँडिकॅपचं सांगा. बाराजणांत ड्राइव्ह १८० पासून २५० पर्यंत आहेत.

बोगीबाबा
अमेरिकेत २०११ ला ‘टी इट फॉरवर्ड’ म्हणून जो तक्ता काढला तो अजून उपयोगी आहे. ड्राइव्ह २०० यार्ड असेल तर एकूण कोर्स ५,२०० ते ५,४००. २२५ असेल तर ५,८०० ते ६,०००. २५० ला ६,२०० ते ६,४००. २७५ ला ६,७०० ते ६,९००. ७,१०० च्या टीला ३०० चा ड्राइव्ह लागतो. बाराजणांत एकही नाही. मागच्या टीवाल्या पार्टीला हे वाचून दाखवा.

तोंडी हिशेब : ५ आयर्नचं खरं अंतर × ३६. १५० यार्ड जात असेल तर ५,४००. ड्राइव्ह सांगताना लोक फुगवतात, ५ आयर्न सांगताना कमी फुगवतात.

हँडिकॅपचं सूत्र (इंडेक्स म्हणजे तुमचं नोंदलेलं हँडिकॅप) :
कोर्स हँडिकॅप = इंडेक्स × स्लोप ÷ ११३ + (रेटिंग − पार).

इंडेक्स १८ असलेला वरच्या नमुना कार्डावर मागून : १८ × १४२ ÷ ११३ = २२.६, अधिक २.५ = २५.१.
मधून : १८ × १२४ ÷ ११३ = १९.८, वजा २.२ = १७.६.

रेटिंग−पार सूत्रातच असल्यामुळे वेगवेगळ्या टीवरून खेळलात तरी वेगळी वजाबाकी करायची गरज नाही. दोन्ही टींचं पार एकच आहे ना, तेवढं बघा. नंतर खेळाच्या प्रकाराप्रमाणे टक्का लावायचा. एकेरी स्ट्रोकप्ले (एकूण फटके मोजणं) किंवा स्टेबलफोर्ड (होलमागे गुण) ९५, फोरबॉल (दोघांच्या जोड्या) स्टेबलफोर्ड ८५, एकेरी मॅचप्ले (होलवार सामना) पूर्ण १००. ९५ टक्क्यांनी मागून २४, मधून १७. पूर्णांक अगदी शेवटी करायचा, मध्ये मध्ये नाही.

आणि इंडेक्स म्हणजे सरासरी खेळ नव्हे, हे नवीन मंडळींना सांगा. शेवटच्या २० पैकी उत्तम ८ फेऱ्यांवर निघतो. त्यामुळे हँडिकॅपइतका खेळ रोज होत नाही. ‘माझं हँडिकॅप चोरीला गेलं’ म्हणून पहिल्याच दिवशी कुरकुर होते ती यामुळे.

चार_पुतळा
थोडं विषयांतर. आपल्या सोलापुरात कुणी शेतावर सरावाचं ग्रीन करायचं म्हटलं तर काळ्या मातीवर जमेल?

हिरवी_पट्टी
थेट काळ्या मातीवर नाही. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा, पावसात चिखल, आणि पाणी खाली मुरत नाही. निदान वरचा थर वेगळा हवा. माती खणून तळाला निचऱ्याचे छिद्रांचे पाइप, दोन ओळींत १५ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. त्यावर ४ इंच धुतलेली बारीक खडी. त्यावर १२ इंच वाळूचं मिश्रण. खडी आणि वाळूचे आकार जुळले नाहीत तर वाळू खडीत उतरते आणि निचरा बसतो, म्हणून दोन्हींचे नमुने आधी चाळून बघायचे. कडेने जाड प्लास्टिकचा पडदा उभा करा, नाहीतर काळी माती बाजूने ओलावा ओढत राहते.

गवत बर्म्युडाच्या बुटक्या जातीचं, टिफड्वार्फसारखं. आपल्या उन्हाला ते वाकत नाही. ४० च्या पुढं खरी अडचण पाण्याची. बोअरचं जड पाणी रोज थोडं थोडं मारलं की क्षार वरच साठतात आणि गवत टोकाकडून जळतं. त्यापेक्षा दिवसाआड, पण खोलवर. कापणी ५ मिमीला ठेवा. एप्रिल-मे मध्ये वेगाच्या नादात ३ वर आणलं की आठवड्यात टक्कल पडतं. वेग हवाच तर कापणी कमी करण्याऐवजी रोलर फिरवा. ८ चा ग्रीन साडेआठ-नऊ होतो, सरावाला भरपूर.

भुईकोट
आपल्याकडच्या उन्हात बॉल जास्त जातो का? रेटिंगमध्ये धरतात का ते?

कडक_भाकरी
गरम हवा विरळ, म्हणून थोडा जातो. पण २०० यार्डांत तीन-चार यार्डांची गोष्ट. उंचीची दुरुस्ती रेटिंगमध्ये २,००० फुटांपासून धरतात. सोलापूर आणि पुणे दोन्ही त्याच्या खाली, म्हणून विसरा. वारा मात्र विसरू नका. समोरून ताशी १० मैल असेल तर अंतर दहा टक्के धरा : १५० चा फटका १६५ चा. पाठीमागून तेवढाच वारा असला तरी फायदा पाचच टक्के. समोरच्या वाऱ्यात जोर लावला की स्पिन वाढतो आणि बॉल वर चढून खाली पडतो. एक-दोन क्लब जास्त घ्या, तीन-चतुर्थांश स्विंग, बस.

सातरस्तेकर
ग्रुपवर टाकलं. ठरलं असं : २३० च्या वर ड्राइव्ह असलेले चौघे मधल्या टीवरून, बाकी आठ त्याच्या पुढच्या टीवरून, दोन्ही दिवस स्टेबलफोर्ड ९५ टक्क्यांनी. मागची पार्टी एक अट घालून तयार झाली : दुसऱ्या दिवशी अठरावं होल सगळ्यांनी मागच्या टीवरून एकदा मारायचं, स्कोअर न धरता. पुढच्या टीचं रेटिंग आणि स्लोप क्लबात फोन करून विचारतो, कार्डाच्या फोटोत ते अंगठ्याखाली गेलंय.

बोगीबाबा
पुरुषांसाठीचं रेटिंग मागा. पुढच्या टीचं फक्त बायकांचं रेटिंग सांगितलं तर ते वापरू नका, सूत्र बिघडेल. आणि अठरावं सगळे मागून मारणार असाल तर मागून येणाऱ्या ग्रुपला आधी जाऊ द्या, बाराजणांना तिथं अर्धा तास लागेल.